सोबतीची फणी

नाना कुणाच्याही घरी गेले की पुढच्या दाराने आत शिरत, तडक मागच्या दाराने परसात जात आणि मग येऊन बसत. पाण्याच्या पेल्याला हात लावायचा तो त्यानंतर. घर पुढून सगळ्यांचंच सारवलेलं असतं, मोरीचं पाणी कुठे जातं हे पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. या सवयीमुळे सोयरिकीच्या कामाला त्यांना कुणी नेत नसे. एकदा नेलं होतं, तेव्हा मुलीकडच्या परसात ते इतका वेळ रेंगाळले की तिथली म्हातारी चोर समजून काठी घेऊन आली. नाना पुढे कित्येक वर्षं त्या म्हातारीचं कौतुक करत. त्या घरात तेवढी एकच शहाणी होती, म्हणत.

मी मूळचा पारोळ्याचा. शिक्षण धुळ्याला झालं आणि सावद्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. खोली शोधत नानांच्या ओट्यावर गेलो, तेव्हा नेमणुकीचं पत्र मी खिशातून काढून तयार ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलंही नाही. मला चपला काढायला सांगितल्या, एक उचलून उलटी केली, टाच पाहिली, मग दुसरीची पाहिली.

"दोन्ही सारख्या झिजल्या. चालता तर सरळ," ते म्हणाले. "पन धुळ्याकडचे हाये म्हंजे बोलाले गोड असान."

खोली मिळाली. गोड बोलण्याचा संशय मात्र पुढची दोन वर्षं राहिला. आई भेटायला आली आणि मी तिच्याशी अहिराणीत बोललो की ते दाराआडून ऐकत आणि नंतर अक्कांना विचारत, हे मास्तर 'आहे'च्या जागी 'शे शे' करून आपल्याबद्दल तर काही म्हणत नाहीत ना. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या पदराआड हसत. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा या माणसाने खाली वाकून पलीकडे पाहिलं होतं, ठरवलेलीच मुलगी आहे की दुसरी उभी केली याची खात्री करायला, हे त्यांनीच मला सांगितलं. भटजी रागावले होते. नाना म्हणाले होते, मंगलाष्टकं तुम्ही म्हणा, पाहायचं काम माझं.

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांच्या तोंडी होतं, "मांगून दाखव." मांगून म्हणजे मागच्या बाजूने. भाजीवाली वांगी दाखवायला लागली की मांगून दाखव. पोराने प्रगतिपुस्तक आणलं की मांगून दाखव. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत, कारण पहिल्या पानावर लोक जे सांगायचं ते सांगतात, आणि जे सांगावं लागतं ते शेवटी टाकतात.

केळीच्या सोसायटीत मात्र याच स्वभावाला किंमत होती. आमच्या भागातली केळी तेव्हा रेल्वेच्या वॅगनीतून उत्तरेकडे जात. वॅगन भरायची ती नानांच्या देखरेखीखाली, हा सोसायटीचा अलिखित नियम होता. साठीतला हा माणूस धोतर खोचून वॅगनच्या खाली सरपटत जाई आणि फळ्यांतल्या फटी बोटाने चाचपून पाही. घडांखाली अंथरायचा सुका पाला हुंगून पाही. घड हातात घेऊन फिरवी आणि आतल्या बाजूच्या केळ्यांवर अंगठा टेकवी. नानांनी भरलेल्या मालाबद्दल दिल्लीहून तक्रार आली असं मी कधी ऐकलं नाही.

भरणी झाली की शेवटी ते एक गोष्ट करत. घरून आणलेल्या पिकल्या केळ्यांच्या चार फण्या वॅगनच्या चार कोपऱ्यांत ठेवत, हळदकुंकू लावत आणि मगच दार ओढू देत. याला तिकडे सोबतीची फणी म्हणत. कच्चा माल पहिल्यांदाच घर सोडून परमुलखात निघालेला असतो, त्याच्याबरोबर एखादं पिकलेलं माणूस हवं, असा त्यामागचा भाव. नानांच्या वडिलांनी ठेवली, आजोबांनी बैलगाडीत ठेवली. ज्या माणसाने देवळातली घंटाही बोटाने वाजवून तपासली, त्याने या एका गोष्टीवर कधी संशय घेतला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोसायटीत समुद्राची भाषा सुरू झाली. ती आणली सुधाकरने. सुधाकर नानांचा पुतण्या. भाऊ लवकर गेला म्हणून नानांनीच त्याला वाढवलं, शेतकी पदवीपर्यंत शिकवलं. शेती खात्यातली नोकरी सोडून तो गावी आला होता. कोकणपट्टीवर मुंबईच्या पलीकडे नवं बंदर झालं आहे, तिथे देशोदेशीची जहाजं लागतात, माल लोखंडी डब्यात भरून सील करायचा, डबा थंड ठेवायचा आणि तो उचलून थेट जहाजावर ठेवायचा, हे त्याने सभेत फळ्यावर चित्र काढून सांगितलं. सावद्याचं केळं आठवड्यात दुबईच्या बाजारात. बंदर म्हणजे जगाचं दार आहे, असं तो म्हणाला.

मागच्या रांगेतून नानांनी विचारलं, "दार हाये ते समजलं. कडी कोन्या बाजूनं हाये?"

लोक हसले. सुधाकरही हसला, पण त्याचा चेहरा पडला. नोकरी सोडून आलेल्या माणसाला पहिल्याच सभेत घरचाच माणूस असा आडवा येतो, हे त्याला लागलं असावं. सोसायटीने ठरवलं की नाना बंदर पाहून येतील. ते हो म्हणाले तर एक डबा पाठवायचा, नाही म्हणाले तर विषय बंद. सुधाकरचं सगळं भवितव्य त्या एका होकारावर आलं. इंग्रजी पाट्या वाचायला म्हणून नानांनी मला बरोबर घेतलं. पुतण्याने वाचलेल्यावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण पुतण्याला बंदर हवं होतं. मला काही नको होतं.

सुधाकर धरून आम्ही तिघं निघालो. गाडीने कल्याण, तिथून एस.टी. बंदराच्या कुंपणाबाहेर एक म्हातारा उकडलेल्या शेंगा विकत बसला होता. नाना आधी त्याच्यापाशी बसले. तो म्हणाला, इथे आमची मिठागरं होती. सरकारने विचारून घेतली का, असं नानांनी विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं की विचारलं होतं, आम्ही हो म्हटलं, पण काय विचारलं होतं ते आम्हाला पुढे कळलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याचं बोलणं त्यांनी परतीच्या वाटेवर दोनदा म्हणून दाखवलं.

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बंदराच्या एका कारकुनाने आम्हाला धक्क्याच्या टोकाशी नेलं तेव्हा त्यांनी सुधाकरला विचारलं, "याची मांगची बाजू कुठी?"

"दुबईला, नाना," सुधाकर म्हणाला.

समुद्राने ते बिचकले नाहीत. बिचकले ते डब्यांच्या थप्प्यांनी. चार चार माळ्यांइतके उंच रचलेले डबे आणि वरून येणारे लोखंडी हात. डबा उचलला जाई, हवेतून जाई, जहाजावर बसे. कुठे हमाल नाही, ओरडा नाही, पाल्याचा वास नाही. बरोबरच्या कारकुनाने अभिमानाने सांगितलं की तुमच्या शेतात दार बंद झालं की थेट परदेशात उघडेल, मधे मालाला कुणाचा हात लागणार नाही.

नाना म्हणाले, "अन् बिघडला तर हात कोनाचा म्हनायचा?"

कारकुनाला प्रश्न कळला नाही. त्याने विम्याचं काहीतरी सांगितलं.

परत आल्यावर नाना तीन दिवस सोसायटीकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी सोसायटीत जाऊन म्हणाले की बंदरावर माझा भरवसा नाही, जहाजावर नाही, डब्यावर तर नाहीच. पण सुधाकरला मी अंगाखांद्यावर वाढवला आहे. त्याच्यासाठी एक डबा पाठवा. भरणी मी करीन.

सुधाकर त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर आला आणि रात्र पडेपर्यंत बसला. नानांनी आपल्यावर भरवसा ठेवला असं त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

जहाज कंपनीच्या सूचनांचे कागद त्याने आणून दिले आणि सीमाशुल्काची कामं करायला तो आठवडाभर आधीच बंदरावर गेला. कागद इंग्रजीत, बारीक टाइपात, दोन्ही बाजूंनी छापलेले. नाना ते घेऊन रोज संध्याकाळी माझ्याकडे येत. एक ओळ वाचली की विचारत, असंच का लिहिलं, वेगळं का नाही. 'साधारणपणे' या एका शब्दावर आमची एक संध्याकाळ गेली. साधारणपणे म्हणजे पळवाट, असं त्यांचं मत होतं. माझ्या टेबलावर चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता आणि ग्रंथालयातून आणलेलं एक पुस्तक अर्ध्यावर होतं. शेवटच्या पानाशी आलो तेव्हा मी पुरता वैतागलो होतो.

"मांगं काय हाये?" त्यांनी विचारलं.

मी पान उलटलं. वीस-पंचवीस बारीक ओळी होत्या. त्यांच्यावरून नजर फिरवली आणि म्हणालो, "मागे नेहमीचंच आहे, नाना. सगळ्या कागदांवर असतं ते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता बोट ठेवून एकेक ओळ विचारणार. पण त्यांनी कागदाची घडी केली, बंडीच्या खिशात ठेवली आणि उठले. मला बरं वाटलं.

पौषातल्या एका सकाळी डबा आला. नाना त्याच्याखाली सरपटून आले, आत जाऊन दार लावून घेतलं आणि कुठून उजेड येतो का ते पाहिलं. कुठूनही येत नव्हता. हे त्यांना आवडलं नाही. दिवसभर भरणी झाली. उन्हं उतरताना अक्कांनी टोपलीतून चार पिकल्या फण्या आणल्या. नानांनी त्या चार कोपऱ्यांत ठेवल्या, कुंकू लावलं. दार लागलं, सील मारलं. नानांनी सील तीनदा ओढून पाहिलं. मी तिथेच उभा होतो. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं होतं.

बारा-तेरा दिवसांनी सोसायटीत सुधाकरचा फोन आला. दुबईला डबा उघडला तो सगळा पिवळा. अर्ध्या मालाला काळे डाग पडलेले. व्यापाऱ्याने माल नाकारला होता.

पुढच्या दिवसांत आमच्या गावात मी जे पाहिलं ते मला नीट लिहिता येणार नाही. ज्यांनी हात वर करून ठराव केला होता ते एकमेकांच्या ओट्यावर बसेनासे झाले. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला थंडीचं मशीन बंद ठेवलं असेल, बंदरावर डबा उन्हात पडून राहिला असेल, वाटेत मालच बदलला असेल, असे तर्क चालले. प्रत्येक तर्क नानांपासून निघे. मग सुधाकर डब्यातल्या तापमानाचा आलेख घेऊन आला. त्यावर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच सरळ रेघ होती. मशीन एक क्षणही बंद पडलं नव्हतं.

सभेत नानांनी तो आलेख उलटसुलट करून पाहिला. "मानसाची नाडीबी इतकी सरळ नसते," ते म्हणाले. "सरळ झाली म्हंजे मानूस मेला. ही रेघ कोनी काढली?"

"यंत्रानं काढली, नाना."

"अन् यंत्राले चहा कोनी पाजला?"

कुणी हसलं नाही. सुधाकर उभा होता. नाना खाली पाहत सावकाश बोलले की कागद याचे, कंपनी याने आणलेली, बंदरावर आठवडाभर हाच होता. मी जन्मात एकावर भरवसा ठेवला. सुधाकरने आलेख उचलला, घडी केली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो गाव सोडून बंदराकडेच गेला, तिथल्या एका एजंटाकडे कामाला लागला.

त्यानंतर नाना कागद घेऊन माझ्याकडे आले. पुन्हा वाचा म्हणाले, कंपनीची चूक कुठेतरी सापडेल. ते ठेवून गेले. मी वाचायला बसलो, आणि या वेळी मागचं पानही वाचलं. तिथे अकराव्या ओळीत लिहिलं होतं की पिकलेलं किंवा पिकू लागलेलं एकही फळ मालासोबत ठेवू नये, बंद डब्यात त्यातून निघणाऱ्या वायूने बाकीचा माल वाटेतच पिकतो.

वॅगनीला फटी असत. वारा खेळत असे. चार फण्यांनी तिथे काही बिघडत नसे.

चार दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. शाळेत शिकवलं, उत्तरपत्रिका तपासल्या. गावात माझं नाव इंग्रजीचा मास्तर म्हणून होतं आणि ते मला जपायचं होतं. सुधाकरचं नाव मात्र रोज ओट्याओट्यावर चोर म्हणून घेतलं जात होतं. पाचव्या दिवशी नाना परसात पाय धूत होते, तेव्हा मी कागद घेऊन गेलो आणि ती ओळ मराठीत वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग ते धुण्याच्या दगडावर बसले.

"चारी कोपऱ्यांत मीच ठेवल्या," ते म्हणाले.

मी म्हणालो की हे पान मी तेव्हा वाचलं असतं तर तुम्ही ठेवल्या नसत्या.

त्यांनी पायांवर उरलेलं पाणी ओतलं. मग विचारलं, हे कुणाला सांगितलं का. मी नाही म्हणालो. "सांगू नका," ते म्हणाले आणि कागद मागून घेतला.

मी खोलीवर आलो तो त्यांच्याबद्दलचा संशय घेऊन. मला वाटलं, म्हातारा आता हे दाबणार. आपली आणि आपल्या बापजाद्यांच्या रिवाजाची लाज राखणार, पोराला चोर ठरू देणार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या परसात डोकावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या परसात हेच निघालं, असंही मी मनाशी म्हटलं. त्यात मला थोडं समाधान वाटलं, कारण मग माझंही झाकलं जाणार होतं.

आठवडाभरात नानांनी स्वतः सभा बोलावली. उभं राहून सांगितलं की डबा बरोबर होता, मशीन बरोबर होतं, बंदर बरोबर होतं आणि सुधाकर बरोबर होता. सोबतीची फणी मी ठेवली. ती ठेवू नका असं कागदात लिहिलेलं होतं. मी ते ध्यानात घेतलं नाही. ज्याला कुणाला बोलायचं असेल त्याने मला बोलावं.

मग मागून कुणीतरी विचारलं, "पन नाना, कागद मास्तरांनी वाचला व्हता ना?"

मी उठलो. नानांनी मान वळवली नाही.

"मास्तर, बसा," ते म्हणाले. "कागद माह्या खिशात व्हता."

मी बसलो.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला सुधाकरला पत्र लिहायला सांगितलं. तीन ओळींचं. माल तुझ्याने बिघडला नाही, माझ्याने बिघडला. सभेत सांगितलं. येणं न येणं तुझ्याकडे. एरवी पोस्टकार्डसुद्धा ते तीनदा वाचून घेत. त्या दिवशी सही केली आणि पेटीत टाका म्हणाले.

सुधाकर आला तो वर्षभराने, दुसरा डबा भरायच्या वेळी. दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. भरणी संपली तेव्हा जुने मजूर कुरकुरले, माल असा बिनसोबतीचा पाठवायचा का. नाना म्हणाले, "सुधाकर हाये ना तिकडं." तो डबा हिरवा पोचला, त्यानंतरचेही पोचले. पण सुधाकर सावद्याला राहायला परत आला नाही. बंदराजवळच त्याने घर केलं. दिवाळीला येई आणि दोन दिवसांत जाई.

नाना मात्र त्यानंतरही प्रत्येक कागद माझ्याकडेच आणत. गावात तोवर इंग्रजी वाचणारी आणखी माणसं झाली होती. ते माझ्यासमोर बसत आणि पूर्वीसारखंच विचारत, असं का लिहिलं, वेगळं का नाही. मागच्या पानाबद्दल मात्र त्यांनी पुन्हा कधीही विचारलं नाही. मी ते आपणहून वाचे.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाना गेल्याचं कार्ड आलं. मी पोचलो तेव्हा दहावा दिवस होता. सुधाकर डोकं भादरून ओट्यावर बसला होता. माणसं पांगल्यावर मी त्याच्याजवळ बसलो आणि सांगितलं की तुझं नाव खराब झालं ते माझ्यामुळे.

"माहीत आहे, सर," तो म्हणाला. "नाना कागद पुरता वाचून घेतल्याशिवाय खिशात ठेवणारे होते का?"

मग आजवर बोलला का नाहीस, असं मी विचारलं. नाना बोलले नाहीत म्हणून, एवढंच तो म्हणाला आणि आत अक्कांकडे गेला.

सावद्याच्या जुन्या मंडळींपैकी काहींच्या हाती हे पडेल. नाना फार संशयी होते आणि शेवटी स्वतःच चुकले, अशी आठवण तिथे अजून सांगतात, मी ती ऐकली आहे. त्या सभेत मी उठलो होतो आणि नाना म्हणाले म्हणून बसलो. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगतो. नानांनी मागचं पान विचारलं होतं. ते माझ्या हातात होतं, आणि मी वाचलं नाही, कारण मला कंटाळा आला होता.